दर्या आणि दऱ्या : कम्पायलरची नवी आवृत्ती आणि देवनागरी नावे

संगणकाला दिलेली आज्ञावली माणसाला वाचता येते. यंत्राला मात्र ती जशीच्या तशी कळत नाही. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीस कम्पायलर म्हणतात. कम्पायलर, असेम्बलर, वेगवेगळे तुकडे जोडणारा लिंकर आणि दोष शोधणारा डिबगर यांच्या एकत्रित संचास टूलचेन असे नाव आहे. टूलचेनची नवी आवृत्ती प्रसिद्ध होते तेव्हा तिच्यासोबत एक टिपण असते. त्यात ‘नवी वैशिष्ट्ये’ आणि ‘ज्ञात मर्यादा’ असे दोन प्रमुख भाग आढळतात. बहुतेक जण पहिला भाग वाचतात आणि दुसरा सोडून देतात. मराठीत नावे देऊन आज्ञावली लिहू पाहणाऱ्याला मात्र दुसरा भाग अधिक उपयोगाचा ठरतो. मालवण किनाऱ्यावरील काही साध्या शब्दांच्या आधारे हा विषय समजून घेता येतो.

जीसीसी : दहावी आवृत्ती

जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त कम्पायलरांत जीसीसीचे स्थान वरचे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध केला. लिनक्सचा गाभा, असंख्य सर्व्हर आणि लहानमोठ्या उपकरणांतील आज्ञावली त्यावर तयार होतात. ७ मे २०२० रोजी जीसीसीची १०.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. सी++ भाषेच्या २०२० च्या प्रमाणातील ‘कोरुटिन्स’ची सोय तिच्यात आली. स्मृतीतील जागा दोनदा मोकळी करणे किंवा मोकळी केलेली जागा पुन्हा वापरणे यांसारखे दोष आज्ञावली न चालवताच शोधणारा विश्लेषकही तिच्यात समाविष्ट झाला. त्याची मर्यादा टिपणातच नमूद होती. त्या आवृत्तीतील विश्लेषक प्रायोगिक स्वरूपाचा होता आणि केवळ सी भाषेसाठी योग्य होता.

मराठी वाचकाच्या दृष्टीने लक्षणीय बाब मात्र वेगळीच होती. या आवृत्तीपासून चलांना आणि फलनांना दिलेली नावे थेट देवनागरीत लिहिण्याची मुभा मिळाली.

देवनागरी नावांचा प्रवास

सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणाने इंग्रजीबाहेरील अक्षरांना नावांत तत्त्वतः प्रवेश दिला होता. २०१५ च्या पाचव्या आवृत्तीपासून जीसीसीमध्ये ही सोय आपोआप उपलब्ध झाली. परंतु प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहावा लागे. ‘भरती’ या नावासाठी चार सांकेतिक क्रमांकांची माळ लिहिणे कोणाही लेखकाला परवडणारे नव्हते. क्लँग या दुसऱ्या मुक्त कम्पायलरने २०१३ च्या ३.३ आवृत्तीत थेट अक्षरे स्वीकारली होती. पायथन भाषेने तर २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीतच ती स्वीकारली. जीसीसीने २०२० मध्ये हे अंतर भरून काढले.

त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळा मांडणाऱ्या आज्ञावलीत ‘भरती_मालवण’, ‘ओहोटी_देवबाग’, ‘वाऱ्याचा_वेग’ अशी नावे देता येऊ लागली. चोवीस तास पन्नास मिनिटांच्या सुमारास दोन भरत्या आणि दोन ओहोट्या हे किनाऱ्यावरच्या मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. तोच हिशेब त्याच्या ओळखीच्या शब्दांत मांडला गेला, तर परकी राहते ती केवळ आज्ञावलीची रीत. मराठी माध्यमातून शिकणाऱ्यांसाठी ही सोय म्हणूनच शोभेची नाही. अर्थात भाषेचे मूळ शब्द, म्हणजे अट, आवर्तन वगैरे दर्शविणाऱ्या आज्ञा, इंग्रजीतच राहतात. संख्यांचेही तसेच आहे. नावाच्या शेवटी ‘२’ हा देवनागरी अंक चालतो, पण मूल्य म्हणून तो लिहिल्यास कम्पायलर त्यास संख्या मानत नाही.

दर्या की दऱ्या?

मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सह्याद्री असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोन्ही शब्द नित्याचे आहेत. लेखनात त्यांचा भेद रफार आणि अर्ध्या ‘र’चे आडवे चिन्ह यांनी दाखविला जातो. हे चिन्ह मराठीत पदोपदी लागते. ‘वारा’चे ‘वाऱ्याचा’, ‘दोरी’चे ‘दोऱ्या’, तसेच मालवण तालुक्यातील आचरा या गावाचे ‘आचऱ्यात’. हिंदीत या चिन्हाची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या तपासण्यांतून या अडचणी निसटतात.

युनिकोडमध्ये हे चिन्ह लिहिण्याच्या दोन मान्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त चिन्ह वापरतात. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि त्यानंतर ‘जोडक’ नावाचे अदृश्य चिन्ह येते. दुसरी पद्धत जुन्या मजकुराशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेली आहे. याशिवाय ‘र’ला नुक्ता देऊनही ‘ऱ’ तयार होतो. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसतात, संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात. पहिल्या पद्धतीने लिहिलेला ‘दऱ्या’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट व्यापतो, तर उरलेल्या दोन्ही पद्धतींनी १८ बाइट. समुद्रवाचक ‘दर्या’ हाही १५ बाइटांचाच. पण त्यातील एक अक्षर निराळे.

येथे खरा धोका सुरू होतो. एखाद्या संपादकाने वा संकेतस्थळाने मजकुरातील अदृश्य चिन्हे काढून टाकली, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. डोंगराची खोली आणि समुद्राची खोली या दोन्ही राशी एकाच आज्ञावलीत असतील, तर कम्पायलर तक्रारही करणार नाही. दोन्ही नावे त्याला वैध वाटतील आणि चुकीची संख्या उत्तर म्हणून पुढे येईल. ‘वाऱ्याचा_वेग’ हे नाव दोन धारिकांत दोन पद्धतींनी लिहिले गेले, तर लिंकर ‘असे नाव सापडत नाही’ म्हणतो आणि डोळ्यांना दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसत राहतात.

नियमांत झालेला बदल

सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणानुसार नावांत जोडक चिन्ह चालत असे. पुढे सी++च्या २०२३ च्या प्रमाणासाठी युनिकोडच्या एकतिसाव्या परिशिष्टावर आधारलेला नवा नियम स्वीकारण्यात आला. त्यानुसार अदृश्य जोडक नावातून बाद झाले आणि नाव युनिकोडच्या ‘एनएफसी’ या प्रमाणित रूपात असणे आवश्यक ठरले. क्लँगच्या चौदाव्या आणि जीसीसीच्या बाराव्या आवृत्तीत, म्हणजे २०२२ मध्ये, हा नियम आला. सी भाषेच्या २०२३ च्या प्रमाणानेही तोच मार्ग धरला.

याचा मराठीपुरता अर्थ स्पष्ट आहे. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलेली नावे नव्या नियमात बसतात, जोडक वापरलेली बसत नाहीत. सी++ आज्ञावलीत असे नाव आल्यास नवा क्लँग ते नाकारतो. जीसीसी तुलनेने उदार आहे. काटेकोर तपासणीचा पर्याय दिल्याखेरीज तो जुन्या प्रमाणांनी मान्य केलेली अक्षरेही चालवून घेतो. एका कम्पायलरवर चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर अडते, त्याचे एक कारण हे आहे. नुक्ता देऊन लिहिलेल्या रूपाबद्दल जीसीसी इशारा देतो, परंतु ते आपोआप सुधारत नाही. पायथन मात्र सर्व नावे आधी प्रमाणित रूपात आणतो. त्यामुळे तेथे नुक्त्याचे रूप आणि ‘ऱ’ एकच ठरतात. जावास्क्रिप्टची रीत उलट आहे. २००९ च्या पाचव्या आवृत्तीपासून ती जोडकाला नावात स्थान देते आणि प्रमाणित रूपाचा आग्रह धरत नाही. शिवाय सैल पद्धतीने लिहिलेल्या आज्ञावलीत अनोळखी नावाला मूल्य दिल्यास ती मुकाट्याने नवा चल निर्माण करते.

इतर ज्ञात मर्यादा

लांबीची मर्यादा फारशी ज्ञात नाही. सी भाषेचे प्रमाण बाह्य नावातील केवळ पहिल्या ३१ चिन्हांची हमी देते आणि देवनागरीतील प्रत्येक सांकेतिक अक्षर त्यात ६ चिन्हांचे धरले जाते. म्हणजे हमी पाच अक्षरांपुरतीच. ‘देवबाग’ हा शब्द मात्रा-काना धरून सहा सांकेतिक अक्षरांचा असल्याने एकटाच ती ओलांडतो. जीसीसी नावातील सर्व अक्षरे लक्षात घेतो, त्यामुळे तेथे अडचण येत नाही. मात्र एखाद्या जुन्या टूलचेनने किमान हमीच पाळली, तर ‘देवबाग_भरती’ आणि ‘देवबाग_ओहोटी’ ही दोन नावे एकच समजली जाऊ शकतात.

दोषाची जागा दाखविणारा बाण ही आणखी एक अडचण. २०२१ च्या अकराव्या आवृत्तीपासून जीसीसी स्तंभक्रमांक बाइटांऐवजी पडद्यावरील रुंदीनुसार मोजतो. तथापि जोडाक्षरे किती जागा व्यापतात याबाबत सर्व टर्मिनल एकमत नाहीत. परिणामी बाण एखाद-दुसरे अक्षर पुढे-मागे पडतो. अक्षरे मोजणाऱ्या नेहमीच्या फलनाचीही अशीच गत आहे. ‘मालवण’ या चार अक्षरी वाटणाऱ्या शब्दाची लांबी ते १५ सांगते, कारण ते बाइट मोजते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ट्रोजन सोर्स’ नावाने एक धोका उघड झाला. मजकुराची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हे पेरून आज्ञावली वाचणाऱ्यास एक आणि कम्पायलरला दुसरेच दिसेल अशी फसवणूक करता येते, हे त्यातून दिसून आले. २०२२ मध्ये जीसीसीच्या बाराव्या आवृत्तीत अशा चिन्हांबद्दल इशारा देण्याची सोय झाली. त्याच वर्षी बिनयुटिल्सच्या २.३८ आवृत्तीत नावांतील युनिकोड अक्षरे सांकेतिक रूपात दाखविण्याचा पर्याय आला. सारख्याच दिसणाऱ्या दोन मराठी नावांतील फरक शोधण्यासही हा पर्याय उपयोगी पडतो.

जुन्या आज्ञावलींना बसणारा धक्का

दहाव्या आवृत्तीतील एका बदलाचा देवनागरीशी संबंध नाही, पण त्याने अनेकांची कामे अडली. पूर्वी एकच सार्वत्रिक चल अनेक धारिकांत मूल्याविना घोषित केला, तरी लिंकर त्यांचे एकत्रीकरण करीत असे. नव्या आवृत्तीत हे एकत्रीकरण मूलतः बंद करण्यात आले आणि वर्षानुवर्षे चाललेल्या आज्ञावलींवर ‘एकाहून अधिक व्याख्या’ असा दोष येऊ लागला. व्याख्या एकाच धारिकेत ठेवून अन्यत्र ती बाह्य असल्याचे घोषित करणे, हा योग्य उपाय होय. जुनी वागणूक परत आणणारा ‘एफ-कॉमन’ हा पर्यायही आहे. मात्र तो तात्पुरता आधार समजावा.

महाराष्ट्रातील काम

टूलचेन हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यातील केपीआयटी या कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात जपानी रेनेसस मायक्रोकंट्रोलरांसाठी जीसीसीवर आधारित टूलचेन विनामूल्य उपलब्ध करून दिली होती. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने या कम्पायलरच्या अंतरंगाची ओळख करून देणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. मराठी अक्षरांच्या अडचणी मूळ प्रकल्पापर्यंत पोहोचविण्यास लागणारे ज्ञान राज्यात आहे. त्या अडचणींची पद्धतशीर नोंद होणे तेवढे आवश्यक आहे.

वापरणाऱ्याने घ्यावयाची काळजी

मराठी नावे वापरताना काही पथ्ये पाळावीत. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर उमटविणारा कळफलक निवडावा आणि संपूर्ण गटाने तोच वापरावा. जुन्या मजकुरातून नावे उचलताना अदृश्य जोडकाचा शोध घेऊन त्याजागी ‘ऱ’ योजावा. जोडक नुसते पुसून टाकू नये. प्रमाणित रूपाबाबत कम्पायलर देत असलेला इशारा बंद करू नये. केवळ रफाराच्या भेदावर उभी असलेली नावे एका आज्ञावलीत शेजारी ठेवू नयेत; ‘दर्या_खोली’ आणि ‘दऱ्या_खोली’ यांपेक्षा ‘समुद्र_खोली’ आणि ‘दरी_खोली’ ही नावे निर्धोक. शेवटी, नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी जुनी आज्ञावली दोन्ही आवृत्त्यांवर तपासून उत्तरे ताडून पाहावीत आणि टिपणातील ज्ञात मर्यादांचा भाग आधी वाचावा.