परदेशातील मूल दत्तक घेताना होणारे गृह अध्ययन : बेंगळुरूमधील कुटुंबांसाठी माहिती

भारतीय नागरिक असलेल्या पालकांना परदेशातील मूल दत्तक घ्यायचे असेल, तर दत्तकविधान आधी मुलाच्या देशात, तेथील कायद्याप्रमाणे पूर्ण करावे लागते. दत्तक नियमावली, २०२२ मध्ये ही तरतूद आहे. भारताच्या बाजूने केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, मान्यता देते. त्यासाठी काराकडे मुलाचा बाल अध्ययन अहवाल, वैद्यकीय तपासणी अहवाल आणि पालकांचा गृह अध्ययन अहवाल असावा लागतो. पहिले दोन अहवाल परदेशातून येतात. तिसरा आपल्या घरी तयार होतो.

आधी हे तपासा

अर्ज करणाऱ्यांपैकी काहींना परदेशातील अनोळखी मूल नको असते. त्यांना बहिणीचे किंवा भावाचे, तिकडे जन्मलेले मूल दत्तक घ्यायचे असते. नात्यातलेच मूल आहे, तेव्हा घरगुती दत्तकपत्र करून इकडे आणता येईल, असा समज असतो. तो महागात पडतो. मुंबई उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. मूल अमेरिकेत जन्मलेले, अमेरिकी नागरिक, आणि काही महिन्यांचे असल्यापासून भारतातील नातेवाईक दांपत्याकडे वाढत होते. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने या दांपत्याची याचिका नामंजूर केली. मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेले नाही आणि परदेशी नागरिक आहे, त्यामुळे आपला बाल न्याय कायदा व दत्तक नियमावली येथे लागू होत नाही. दत्तकविधान आधी अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे करावे, असे न्यायालयाने सांगितले. हा निर्णय महाराष्ट्रातील असला, तरी नियमावली केंद्राची आहे. बेंगळुरूतही तीच लागू आहे. म्हणून मूल आधी आणून मग कागद करू, असे करू नका.

मुलाचा देश १९९३ च्या हेग दत्तक करारात आहे का, हेही पाहा. भारताने हा करार २००३ मध्ये स्वीकारला. दोन्ही देश करारात असतील, तर कराराच्या कलम ५ व १७ नुसार काराची मान्यता मूल ताब्यात येण्यापूर्वी लागते. नंतर मागून ती दुरुस्ती होत नाही.

गृह अध्ययन कोण करते?

विशेष दत्तक संस्थेचा, किंवा राज्य दत्तक संसाधन यंत्रणा अथवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या यादीवरील समाजकार्यकर्ता हे काम करतो. आपल्या प्रकरणात नेमके कोणी करायचे, हे काराकडून लेखी घ्या. खासगी मध्यस्थाने पैसे घेऊन करून दिलेला अहवाल उपयोगी पडत नाही. अहवालाची मुदत तीन वर्षे असते. परदेशातील प्रक्रिया लांबली तर ती संपू शकते, म्हणून तारीख लक्षात ठेवा.

कागदपत्रे

ओळख, जन्मतारीख व पत्त्याचे पुरावे, पॅन, विवाह प्रमाणपत्र, मागील वर्षाच्या उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि दोन ओळखीच्या व्यक्तींची किंवा नातेवाइकांची पत्रे लागतात. घटस्फोट झाला असल्यास हुकूमनाम्याची, जोडीदार हयात नसल्यास मृत्यू दाखल्याची प्रत जोडावी. घरात पाच वर्षांवरील मूल असेल तर त्याची संमती घेतली जाते. परदेशातील प्राधिकरण बहुधा पोलीस प्रमाणपत्रही मागते.

मराठी कुटुंबांची अडचण बहुतेक वेळा जुन्या दाखल्यांत असते. जन्मदाखला सांगलीजवळच्या ग्रामपंचायतीचा, लग्नाचा दाखला बेळगावचा, आधारवर बेंगळुरूचा पत्ता, आणि आईचे नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे. मराठी व कन्नड दाखल्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. अपोस्टील हवे असल्यास दाखल्यावर सामान्यतः तो ज्या राज्यात निघाला त्याच राज्याच्या शासनाचे साक्षांकन आधी लागते; महाराष्ट्राचा दाखला कर्नाटकात साक्षांकित होत नाही. या एका कामासाठी गावी दोन खेपा होतात. ते आधी उरकावे.

भाड्याचे घर असणे ही अडचण नाही. अकरा महिन्यांचा करारनामा आणि बेसकॉमचे बिल दाखवता येते. बिल घरमालकाच्या नावावर असेल तर ते तसेच सांगावे.

घरी आल्यावर काय विचारतात?

समाजकार्यकर्ता घराची स्वच्छता तपासायला येत नाही. घर रंगवण्यात, नवे फर्निचर आणण्यात खर्च करू नका. खिडकी, गॅलरीचे कठडे, औषधे ठेवण्याची जागा सुरक्षित आहे का आणि मूल झोपणार कुठे, एवढे नक्की पाहतात.

खरे काम बोलण्यात असते. पती-पत्नीशी एकत्र आणि वेगवेगळे बोलतात. सोबत राहणारे आजी-आजोबा असतील तर त्यांनाही विचारतात. दत्तक का घ्यायचे, मूल गमावले असेल किंवा उपचार फसले असतील तर त्या दुःखाचे काय झाले, दोघांची इच्छा सारखी आहे का, असे प्रश्न येतात. एकाची इच्छा असते आणि दुसरा फक्त हो म्हणत असतो. हे वेगळ्या मुलाखतीत कळते. तेव्हा उत्तरे पाठ करून घेण्यापेक्षा आपापसात आधी मोकळे बोललेले बरे. आजींना मनातून पटलेले नसेल तर तेही लपवू नये.

मधुमेहाची गोळी चालू आहे, गृहकर्जाचा हप्ता आहे, पूर्वी नैराश्यावर उपचार घेतले होते, या गोष्टींनी अर्ज आपोआप नाकारला जात नाही. लपवलेले नंतर उघड झाले तर मात्र विश्वास जातो.

परदेशातून येणाऱ्या मुलासाठी आणखी विचार करावा लागतो. सात वर्षांचे मूल घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि कन्नड, तीनही एकदम ऐकणार आहे. पहिले काही महिने त्याच्याशी कोण, कोणत्या भाषेत बोलणार? त्याचे खाणे, त्याचा धर्म, त्याचे मूळ नाव यांचे काय करणार? ते दिसायला वेगळे असेल तर इमारतीतले लोक विचारतील त्याला काय सांगाल? ‘आम्ही त्याला सांगणारच नाही’ हे उत्तर येथे चालण्यासारखे नाही, कारण मोठ्या मुलाला सर्व माहीतच असते.

अहवाल झाल्यावर

अहवालाची प्रत मागून घ्या व नावे, तारखा, उत्पन्नाचे आकडे तपासा. मुलाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर त्या देशातील भारतीय वकिलातीत प्रवेश व्हिसासाठी अर्ज करावा. वकिलातीमार्फतच केंद्रीय गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची मंजुरी घ्यावी लागते. दत्तक झाले म्हणून मूल आपोआप भारतीय नागरिक होत नाही. नागरिकत्वासाठी नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५ खाली वेगळा अर्ज आहे. शंका असल्यास काराच्या १८००-११-१३११ या निःशुल्क क्रमांकावर विचारा.