तिरोडी ते गोवा: पाळीव प्राण्याचा विमानप्रवास

बदलीची नोकरी असलेल्या कुटुंबाला घरसामान हलविणे फारसे जड जात नाही; ट्रक ठरविला की काम होते. घोडे अडते ते घरातल्या कुत्र्यापाशी किंवा मांजरापाशी. विमानाचे तिकीट सहज मिळते, म्हणून प्राण्याचेही मिळेल असे गृहीत धरले जाते आणि निघण्याच्या आठवड्यात धावपळ सुरू होते. वास्तविक प्राण्याचा विमानप्रवास जमिनीवरच ठरत असतो. कोणती कंपनी, केवढा पिंजरा, कोणता ऋतू आणि लस कधी टोचली, या चार गोष्टींवर त्याचे यशापयश अवलंबून असते.

उदाहरण म्हणून तिरोडी घ्यावे. मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातील हे मँगनीजच्या खाणीचे गाव. खाण ‘मॉयल’ या सरकारी कंपनीची असून कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या या पट्ट्यात हिंदीच्या जोडीला मराठी आणि पोवारी बोलली जाते. येथे सापडलेल्या एका खनिजाला गावाच्या नावावरून ‘तिरोडाइट’ हे नाव पडले होते. खाणी जवळून पाहिलेल्या गोमंतकीय वाचकाला याचे कौतुक वाटावे. अशा गावातून एखादे कुटुंब लॅब्राडॉर आणि मांजर घेऊन गोव्यात राहायला येणार असेल, तर त्याच्यापुढे ज्या अडचणी उभ्या राहतात, त्याच सांगे किंवा सत्तरीतून देशाच्या दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या कुटुंबापुढेही राहतात.

पहिली अडचण विमान कंपनीची. तिरोडीच्या बाजूचा छोटा विमानतळ म्हणजे गोंदियाजवळचे बिरसी. तेथून २०२२ मध्ये फ्लायबिग कंपनीने आणि डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने प्रवासी सेवा सुरू केली. मोठा विमानतळ नागपूरचा, रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. आता अडचण अशी, की देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवाशांची वाहतूक करणारी इंडिगो कंपनी पाळीव प्राणी नेतच नाही. दिव्यांग प्रवाशाच्या प्रशिक्षित साहाय्यक कुत्र्याचा काय तो अपवाद. त्यामुळे वेळापत्रकात दिसणाऱ्या बहुतेक विमानांवर सुरुवातीलाच काट मारावी लागते. उरतात एअर इंडिया, आकासा एअर आणि स्पाइसजेट यांसारख्या मोजक्या कंपन्या, आणि त्यांच्यातही कोण केबिनमध्ये नेते आणि कोण केवळ मालवाहतुकीत, याचे नियम वेगवेगळे आहेत. नागपूरहून थेट गोव्याला प्राण्यासह जाण्याची सोय जुळली नाही, तर मुंबईत किंवा दिल्लीत विमान बदलणे आले. दोन्ही टप्पे एकाच कंपनीचे आणि एकाच तिकिटावर नसतील, तर प्राणी मध्येच ताब्यात घेऊन पुन्हा नव्याने नोंदवावा लागतो. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. आपली कंपनी कोठे उतरते आणि तेथे प्राण्याचा ताबा प्रवाशांच्या दालनात मिळतो की मालवाहतुकीच्या कक्षात, हेही तिकिटाआधी विचारून घ्यावे.

कायद्याची चौकट जुनी आहे. १९३७ च्या विमान नियमांनी केंद्र सरकारच्या सर्वसाधारण किंवा विशेष परवानगीशिवाय प्राणी विमानातून नेण्यास मनाई केली. सर्वसाधारण परवानगी आज आहे. पण तिच्या आधारे प्राणी न्यायचा की नाही, हे कंपनी ठरविते आणि त्या फेरीच्या मुख्य वैमानिकाची संमतीही लागते. प्रत्येक फेरीत किती प्राणी घ्यायचे यालाही मर्यादा असते. म्हणून आपले तिकीट काढण्याआधी दूरध्वनीवरून प्राण्याची जागा पक्की करावी, हा क्रम उलटा होता कामा नये. कंपनीचे उत्तर ईमेलवर लेखी मागून घेतलेले बरे. काउंटरवरच्या माणसाला तेच दाखविता येते.

केबिनमध्ये प्रवेश मिळतो तो लहान प्राण्यालाच. आकासाने १ नोव्हेंबर २०२२ पासून ही सेवा सुरू केली तेव्हा केबिनसाठी सात किलो आणि सामानकक्षासाठी बत्तीस किलो अशी मर्यादा ठेवली होती. केबिनची मर्यादा पुढे वाढविण्यात आली. हे वजन पिशवी किंवा पिंजऱ्यासह धरले जाते, याचा अनेकांना विसर पडतो. साधारण चार किलोचे मांजर मऊ पिशवीतून सहज सामावते. पिशवी पुढच्या आसनाखाली ठेवायची असते आणि प्रवासभर ती बंदच राहते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये एका प्रवाशाने मुंबई-चेन्नई विमानातील बिझनेस क्लासच्या साऱ्या जागा आपल्या माल्टीज कुत्र्यासाठी आरक्षित केल्याची बातमी गाजली होती. हौसेला मोल नसते. मात्र केबिनमध्ये जागा मिळण्यासाठी मोठी रक्कम नव्हे, लहान कुत्रा लागतो. लॅब्राडॉरसाठी तो मार्ग कोणत्याही भाड्यात खुला नाही.

मोठ्या कुत्र्याचा प्रवास विमानाच्या पोटातील सामानकक्षातून होतो. त्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. या कक्षात हवेचा दाब केबिनइतकाच राखलेला असतो. जिवंत प्राणी ठेवण्याच्या भागात तापमानही राखले जाते. तशी सोय नसलेल्या विमानात प्राणी घेतला जात नाही. मात्र तेथे अंधार असतो, यंत्रांचा आवाज असतो आणि ओळखीचे कोणी नसते. तेव्हा खरी तयारी पिंजऱ्याची. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमावलीत पिंजऱ्याचे माप काढण्याची रीत दिलेली आहे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत, जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवावा; ती पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही पिंजऱ्याची रुंदी. उभ्या प्राण्याच्या डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंतची उंची, अधिक अंथरुणाची जाडी, ही पिंजऱ्याची उंची. समजा, कुत्र्याची लांबी ८५ सेंटिमीटर, कोपर ३६ सेंटिमीटरवर, खांदे २५ सेंटिमीटर रुंद आणि डोके ७० सेंटिमीटर उंचीवर आहे. तर पिंजरा निदान १०३ सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ७० हून थोडा उंच हवा. प्राण्याला उभे राहता, वळता आणि नैसर्गिकपणे पसरून झोपता आले पाहिजे, हा या गणिताचा हेतू. आखूड नाकाच्या जातींसाठी यात आणखी दहा टक्के वाढ धरतात.

येथेच तिरोडीच्या लॅब्राडॉरचा हिशेब चुकू लागतो. पूर्ण वाढलेला नर सहज तीस किलोचा असतो. एवढ्या मापाच्या कडक पिंजऱ्याचे वजन मिळविले की बत्तीस किलोची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. मग उरते ती मालवाहतूक विभागामार्फत होणारी नोंदणी. तिचा खर्च वजनाबरोबर पिंजऱ्याच्या आकारमानावरही आकारला जातो, आणि प्राणी आपल्याच विमानात असेल याची खात्री वेगळी करून घ्यावी लागते.

पिंजरा आणला म्हणजे तयारी संपली असे नाही. महिनाभर आधी तो घरात उघडा ठेवावा, त्यात जेवण द्यावे, हळूहळू दार लावून पाहावे. ज्या कुत्र्याने पिंजरा प्रथम विमानतळावरच पाहिला, तो दातांनी जाळी तोडण्याचा प्रयत्न करतो आणि स्वतःला जखमी करून घेतो. दाराची कडी पक्की हवी आणि दोन भाग प्लास्टिकच्या खटक्यांऐवजी नटबोल्टने जोडलेले हवेत. तळाशी ओलावा शोषणारे अंथरूण आणि त्यावर घरातला न धुतलेला एखादा कपडा. पाण्याच्या वाटीत आदल्या रात्री बर्फ गोठवून ठेवला, तर चढविताना पाणी सांडत नाही.

ऋतूचा विचार सर्वांत महत्त्वाचा. विदर्भात आणि बालाघाट भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आकाशात तापमान राखलेले असले, तरी विमानात चढविण्यापूर्वी पिंजरा धावपट्टीलगतच्या तापलेल्या फरशीवर काही वेळ उभा असतो. घाम गाळून अंग थंड करण्याची सोय कुत्र्याला जवळपास नाही. तो धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर यांसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना आणि पर्शियन मांजरांना हेच नीट जमत नाही. अमेरिकेत मे २००५ पासून विमान कंपन्यांना प्राण्यांच्या मृत्यूची माहिती सरकारला देणे भाग पडले. पहिल्या पाच वर्षांत नोंदलेल्या १२२ कुत्र्यांच्या मृत्यूंपैकी सुमारे निम्मे आखूड नाकाच्या जातींचे होते. त्यांत एकट्या इंग्लिश बुलडॉगचे २५ आणि पगचे ११. बहुतेक कंपन्या या जाती सामानकक्षात घेत नाहीत, त्यामागे हा अनुभव आहे. उन्हाळ्यात निघणे अटळ असेल, तर पहाटेची किंवा रात्रीची फेरी घ्यावी.

या भीतीपोटी अनेक जण प्राण्याला गुंगीचे औषध देतात. ते देऊ नये. अशा औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता घटते, आणि सामानकक्षात लक्ष ठेवायला कोणी नसते. गुंगीत दिसणारा प्राणी कंपनीही नाकारू शकते. फारच घाबरट प्राण्याविषयी पशुवैद्यकाशी आधी बोलावे. त्याच्या सल्ल्याविना काहीही पाजू नये. शेवटचे पोटभर जेवण निघण्याच्या चार ते सहा तास आधी द्यावे, पाणी मात्र तोडू नये.

कागदपत्रांत दोन मुख्य. लसीकरणाची नोंदवही आणि प्रवासास योग्य असल्याचे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र. प्रमाणपत्र किती दिवसांपूर्वीचे चालते, ते कंपनीगणिक बदलते. म्हणून ते फार आधी घेऊन ठेवण्यात अर्थ नसतो. रेबीजची लस मात्र आधीच हवी. पहिल्यांदाच टोचली असेल, तर प्रवासापूर्वी निदान तीस दिवस जाऊ द्यावेत. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विमानात घेतले जात नाही.

गोव्यात येणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ही लस केवळ काउंटरवर दाखविण्यापुरती नाही. ‘मिशन रेबीज’ आणि राज्य सरकार यांनी वर्षानुवर्षे घरोघरी, वाड्यावाड्यांवर कुत्र्यांना लसी टोचल्या. सलग तीन वर्षे माणसाचा रेबीजने मृत्यू न झाल्यानंतर २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. असा मान मिळविणारे ते देशातील पहिले राज्य. ही स्थिती टिकायची तर बाहेरून येणारा प्रत्येक कुत्रा लसवंत हवा. विमानातून येणाऱ्याची तपासणी तरी होते. मोटारीतून पत्रादेवी किंवा मोले ओलांडून येणाऱ्याची जबाबदारी सर्वस्वी मालकावर राहते.

विमानतळावर मांजराच्या मालकाने अधिक सावध असावे. सुरक्षा तपासणीत रिकामी पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाते आणि प्राण्याला हातात धरून पुढे न्यावे लागते. अनोळखी गर्दीत दचकलेले मांजर क्षणात निसटते आणि छताच्या सांदीत जाऊन बसते. म्हणून अंगाला घट्ट बसणारा पट्टा आणि दोरी घरूनच घालून न्यावी, आणि तपासणी आडोशाच्या खोलीत करण्याची विनंती करावी.

वजनात न बसणाऱ्या लॅब्राडॉरसाठी रेल्वे हा मालवाहतुकीपेक्षा पुष्कळदा चांगला पर्याय ठरतो. रेल्वेत प्रथम श्रेणी वातानुकूलित डब्यातील दोन किंवा चार शय्यांचा पूर्ण कक्ष घेतला, तर कुत्रा सोबत नेता येतो; सामान कार्यालयात त्याचे वेगळे शुल्क भरून पावती घ्यावी लागते. टू-टियर, थ्री-टियर, शयनयान किंवा चेअर कारमध्ये परवानगी नाही. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातील पेटीचा. पण उन्हाळ्यातल्या लांबच्या प्रवासात मोठ्या कुत्र्याला तेथे कोंडणे टाळलेलेच बरे. तिरोडीहून रेल्वेने तुमसर रोडला आले, की हावडा-मुंबई मुख्य मार्ग लागतो. नागपूर-मडगाव विशेष गाडी चालू असेल तर गाडी बदलावी लागत नाही. मात्र तिला प्रथम श्रेणीचा डबा आहे का, ते आधी पाहावे. मोटारीने यायचे तर अंतर हजार किलोमीटरहून अधिक भरते. वाटेत दोन मुक्काम धरले, तर तोही प्रवास कुत्र्याला मानवतो.

यांपैकी काहीच जमले नाही, की बदलीच्या गावी कुत्रा ‘कोणाच्या तरी भरवशावर’ सोडला जातो. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात दहा ते पन्नास रुपये दंड लिहिलेला आहे. त्यामुळे त्याचा धाक कोणाला वाटत नाही. विश्वासू घर शोधायलाही दोन-तीन महिने लागतात, तेव्हा तो विचार बदलीचा आदेश हाती पडताच करावा.

परदेशी जाणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांचे वेळापत्रक याहून कितीतरी लांबते. पोर्तुगाल किंवा ब्रिटनला कुत्रा-मांजर न्यायचे, तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर निदान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, आणि तो समाधानकारक आल्यास नमुन्याच्या तारखेपासून तीन महिने थांबणे. चिप लसीनंतर बसविली, तर लस नव्याने टोचावी लागते आणि सारे दिवस पुन्हा मोजावे लागतात. म्हणजे चार महिने तर हवेतच. ब्रिटनला प्राणी केवळ मालवाहतुकीतून नेता येतो, केबिनमधून नाही. शिवाय कुत्र्याला तेथे पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्यकाकडून पट्टकृमीचे औषध देऊन त्याची नोंद घ्यावी लागते. उलट बाजूने, परदेशातून प्राणी घेऊन परतणाऱ्यांना दाबोळीत किंवा मोपावर थेट उतरता येत नाही. प्राण्यांचा देशात प्रवेश दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि कोची अशा ठराविक ठिकाणांहूनच होतो. तेथील केंद्रीय पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेचे ना-हरकत पत्र विमानात बसण्याआधी मिळवावे लागते, आणि पुढे गोव्यापर्यंतच्या देशांतर्गत टप्प्याला वर सांगितलेले वजनाचे व पिंजऱ्याचे नियम पुन्हा लागू होतात.