धक्क्याखालचा धक्का

रिओ द जानेरो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला येशू, कोपाकबानाचा किनारा, फुटबॉल आणि कार्निव्हलची झगमगती मिरवणूक. हे सगळं त्या शहरात आहेच. पण श्रोतेहो, आज मी तुम्हाला त्या शहराच्या जुन्या बंदरभागात घेऊन जाणार आहे. जुन्या धक्क्यावरून तिथे आता समुद्र दिसत नाही. भराव घालून तो कधीच मागे हटवला गेला, आपल्या मुंबईत झालं तसंच. या भागाला 'छोटी आफ्रिका' म्हणतात. हे नाव एइतोर दोस प्राझेरेस या कृष्णवर्णीय संगीतकार-चित्रकारानं रूढ केलं, असं मानलं जातं.

या भागात पायी फिरवून इतिहास सांगणाऱ्या सहली निघतात. अशाच एका सहलीत मीही गेलो होतो. आमचा वाटाड्या त्याच वस्तीत वाढलेला तरुण होता. सांबाचे ढोल कुठे ऐकायला मिळतील, असं कुणीतरी लगेच विचारलं. तो म्हणाला, "ढोल शेवटी. आधी जमिनीखाली काय आहे ते पाहू."

जमिनीखाली काय आहे, हे समजायला थोडे आकडे लागतात. अटलांटिक महासागरापलीकडे गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांपैकी सर्वांत जास्त माणसं ब्राझीलमध्ये उतरवली गेली. हा आकडा सुमारे ४८ लाख आहे. आजच्या अमेरिकी संयुक्त संस्थानांत थेट आफ्रिकेतून उतरवलेल्यांची संख्या चार लाखांच्या आसपास होती. उसाचे मळे, सोन्याच्या खाणी आणि मागाहून कॉफीच्या बागा या सगळ्यांना हात हवे होते. पोर्तुगीजांनी ते हात अंगोला, काँगो, गिनीचा किनारा आणि मोझांबिक इथून आणले.

रिओमध्ये ही माणसं आधी शहराच्या मुख्य भागात उतरत आणि तिथल्याच रस्त्यावर विकली जात. साखळदंडातली, अर्धनग्न, आजारी माणसं प्रतिष्ठितांच्या नजरेला खुपू लागली, तेव्हा व्हाइसरॉय लावरादिओ यानं १७७४ मध्ये हा बाजार शहराबाहेर वालोंगोला हलवला. बाजार बंद झाला नाही, फक्त नजरेआड झाला. १८११ मध्ये तिथे दगडी धक्का बांधण्यात आला. पुढच्या वीस वर्षांत सुमारे नऊ लाख माणसं या वालोंगो धक्क्यावर उतरली, असा अंदाज आहे. आजूबाजूला विक्रीची दुकानं होती, आजाऱ्यांसाठी लाझारेतो होता. समुद्रप्रवासात हाडं वर आलेल्या माणसांना विक्रीआधी खाऊ घालून 'तयार' करायची घरंही होती. गुरांच्या बाजाराला जी व्यवस्था लागते, ती सगळी इथे माणसांसाठी होती.

सहलीतला पहिला थांबा म्हणजे पेद्रो एर्नेस्तो रस्त्यावरचं एक साधं घर. १९९६ मध्ये या घराची दुरुस्ती चालू असताना पाया खणणाऱ्या कामगारांना हाडं लागली. आधी वाटलं, कुठला तरी खून असेल. पण हाडं संपेचनात. तेव्हा कळलं की घर 'प्रेतोस नोवोस'च्या दफनभूमीवर उभं आहे. प्रेतोस नोवोस म्हणजे 'नवे काळे', नुकतेच जहाजातून उतरलेले. विकले जाण्याआधीच जे मेले, ते इथे टाकले गेले. पुरले गेले असं म्हणवत नाही. ना शवपेटी, ना प्रार्थना. उथळ खड्डे, वर शहराचा कचरा, आणि जागा होण्यासाठी जाळून फोडलेली हाडं. १८३० मध्ये ही जागा बंद झाली. इथे वीस ते तीस हजार माणसं असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. घरमालकांनी ते घर विकून टाकलं नाही, तिथे स्मृतिसंस्था उभी केली. जमिनीत बसवलेल्या काचेतून खालचा थर दिसतो. हाडं, शिंपले, फुटकी भांडी, सगळं एकत्र. आमच्यातल्या कुणीही तिथे छायाचित्र काढलं नाही.

तिथून काही मिनिटांवर वालोंगोचा धक्का. खड्ड्यात उतरत्या पायऱ्यांसारखा, ओबडधोबड दगडांचा. त्याची गोष्ट मला फार बोलकी वाटते. १८३१ मध्ये ब्राझीलनं इंग्लंडच्या दबावाखाली गुलामांची आयात बंद करण्याचा कायदा केला. पण जहाजं चोरून येतच राहिली. 'इंग्रजांना दाखवण्यापुरतं' हा वाक्प्रचार पोर्तुगीज भाषेत त्यावरून आला, असं म्हणतात. आपण म्हणतो ना, दाखवायचे दात वेगळे! हा व्यापार खऱ्या अर्थानं थांबला तो १८५० च्या कायद्यानंतर. दरम्यान १८४३ मध्ये सम्राट दुसरा पेद्रो याची वधू, राजकन्या तेरेझा क्रिस्तिना, जहाजानं यायची होती. तिच्या स्वागतासाठी वालोंगोच्या दगडांवर नवी सुबक फरसबंदी घातली गेली आणि त्याला 'सम्राज्ञीचा धक्का' असं नाव दिलं गेलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहर 'आधुनिक' करताना त्यावरही भराव पडला.

कागदांचीही तीच गत झाली. १३ मे १८८८ रोजी ब्राझीलनं गुलामगिरी रद्द केली. अमेरिका खंडांत हे करणारा तो शेवटचा देश. मुक्त झालेल्यांना ना जमीन मिळाली, ना भरपाई. १८९० मध्ये अर्थमंत्री रुई बारबोझा यांनी सरकारी दप्तरातली गुलामांविषयीची कागदपत्रं जाळण्याचा आदेश काढला. माजी मालकांना भरपाई मागता येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता असं सांगतात. पण त्याबरोबर आपली आजी कुठून आली हे शोधण्याची अनेकांची वाटही जळाली.

दगड गाडले, कागद जाळले. मग उरलं काय?

२०११ मध्ये ऑलिंपिकच्या निमित्तानं बंदरभागाच्या नूतनीकरणाचं खोदकाम चालू असताना धक्क्याखालचा धक्का पुन्हा वर आला. राष्ट्रीय संग्रहालयाच्या पुरातत्त्वज्ञ तानिया आंद्रादे लिमा यांच्या पथकानं उत्खनन केलं. तिथे मणी, ताईत, अंगठ्या आणि कवड्या सापडल्या. कवड्या ऐकून मी थबकलो. कवडी ही आपल्या समुद्राची. मालदीवच्या कवड्या हिंदी महासागरातून युरोपी जहाजांनी पश्चिम आफ्रिकेत नेल्या. तिथे त्या चलन होत्या आणि त्या मोजून माणसं विकत घेतली जात. 'कवडीमोल' हा शब्द आपण किती सहज वापरतो! पण तीच कवडी या लोकांनी देवाच्या कामीही लावली. कांदोंब्ले या आफ्रो-ब्राझिलियन धर्मात आजही कवड्या टाकून देवाचा कौल घेतात. आपल्याकडे भवानीच्या भक्तांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आठवा, म्हणजे ही भावना परकी वाटणार नाही.

त्यानंतर आम्ही 'पेद्रा दो साल'ला आलो. म्हणजे मिठाचा खडक. इथे जहाजांतून मीठ उतरवलं जाई आणि हमालांना चढता यावं म्हणून खडकातच पायऱ्या खोदलेल्या आहेत. या परिसरात बाहियाहून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं राहत. पुरुष गोदीत ओझी वाहत. १९०५ मध्ये त्यांनी आपली कामगार संघटनाही उभी केली. बायका डोक्याला पांढरं फडकं बांधून रस्त्यावर खाद्यपदार्थ विकत. त्यांतला आकाराजे म्हणजे वाटलेल्या चवळीचा, पामतेलात तळलेला वडाच म्हणा ना!

अशीच एक मिठाई विकणारी बाई म्हणजे तिया सियाता, सियाता मावशी. जन्म १८५४, बाहियातला. मृत्यू १९२४, रिओत. त्या काळी कापोएराला १८९० च्या दंडसंहितेनंच गुन्हा ठरवलं होतं आणि ढोल वाजला की पोलिसांचा ससेमिरा लागे. प्रासा ओंझे चौकाजवळच्या तिच्या घरात बाहेरच्या खोलीत सभ्य नाचगाणं चाले, आणि मागच्या अंगणात सांबा आणि देवाचे ढोल. याच मंडळींच्या बैठकींतून 'पेलो तेलेफोन' हे गाणं आलं. दोंगा यानं १९१६ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात ते आपल्या नावावर नोंदवलं. पुढच्या वर्षी ध्वनिमुद्रित झालेल्या या गाण्याला पहिल्या सांबांत गणतात. मात्र ते खरं कुणाचं, हा वाद तेव्हापासून आहे. दहाजणांनी मिळून गायलेल्या गाण्याला एकच मालक कसा असेल?

१९३२ मध्ये सांबा शाळांची पहिली स्पर्धा याच प्रासा ओंझेला झाली. दहाएक वर्षांत रुंद हमरस्त्यासाठी तो चौक आणि आसपासची वस्तीही पाडण्यात आली. पण प्रत्येक सांबा शाळेत घेरदार झगे घालून गिरक्या घेणाऱ्या 'बाहियाना' स्त्रियांचा एक ताफा असावाच लागतो. सियाता मावशीसारख्या स्त्रियांना दिलेला तो मान आहे. टीव्हीवर कार्निव्हल पाहताना आपल्याला ती फक्त शोभा वाटते.

मला वाटतं, उरलं काय या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ज्यांच्याकडे कागद नव्हते, त्यांनी आठवण गाण्यात, गिरकीत आणि तळणीत ठेवली. जात्यावरच्या ओव्यांत आपल्या आज्या-पणज्यांनी ठेवली तशी. माशादो दे आसिस हा ब्राझीलचा थोर कादंबरीकार, मुक्त झालेल्या गुलामांचा नातू, १८३९ मध्ये याच भागातल्या टेकडीवर जन्मला. गुलामगिरी संपून बावीस वर्षं झाली तरी आरमारात चाबकाची शिक्षा चालू होती. तिच्याविरुद्ध १९१० मध्ये युद्धनौका ताब्यात घेऊन याच बंदरात उभा राहिला खलाशी जुआंव कांदिदो.

२०१७ मध्ये युनेस्कोनं वालोंगोला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कांदोंब्लेच्या पांढऱ्या वस्त्रांतल्या माता धक्का पाण्यानं धुतात, फुलं वाहतात. २००३ पासून शाळांत आफ्रो-ब्राझिलियन इतिहास शिकवणं कायद्यानं सक्तीचं आहे. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या झुंबीच्या स्मरणार्थ २० नोव्हेंबरला २०२४ पासून देशभर सुट्टी असते. या जमेच्या बाजू. पण धक्का वर आणणाऱ्या त्याच नूतनीकरणात शेजारच्या प्रोव्हिदेन्सिया टेकडीवरच्या कुटुंबांची घरं गेली. २०१५ मध्ये किनाऱ्यावर दिमाखदार 'उद्याचं संग्रहालय' उभं राहिलं, तर हाडं जपणाऱ्या त्या छोट्या संस्थेवर २०१७ मध्ये पैशांअभावी बंद पडायची पाळी आली होती.

मिठाच्या खडकापाशी शेवटी ढोल वाजले, लोक नाचले. ते पाहायला जगभरातून माणसं येतात, आणि यावीत. मात्र त्या ढोलाचं मोल तिकिटात मोजायचं की तिथल्या रहिवाशांना तिथेच राहू देण्यात, हा प्रश्न रिओपुढे आहे. जुन्या वस्त्या पाडून नवी शहरं उभारणाऱ्या आपणा सर्वांपुढेही तो आहेच.