कोंकणची खिडकी

ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा यास इंग्रज सरकारनें १८८६ सालीं रत्नागिरीस आणून ठेविलें. त्याच्याकरितां बांधलेला तिमजली राजवाडा १९१० सालीं पुरा झाला, आणि १९१६ च्या डिसेंबरांत देहावसान होईपर्यंत राजा तेथेंच राहिला. जांभा दगड व सागवानी लांकूड यांच्या त्या वास्तूंतील अर्धवर्तुळाकार नक्षीदार खिडक्यांना इटलीची रंगीत कांच बसविलेली आहे. ही झाली राजवाड्याची शोभा. सामान्य कोंकणी गृहस्थाच्या खिडकीला गज आणि लांकडी झडपा एवढाच सरंजाम असे. गोव्याकडील जुन्या घरांत कांचेच्या जागीं समुद्रांतील पातळ, चपट्या शिंपल्यांचीं तावदानें लांकडी पट्ट्यांत बसवीत. त्यांतून उजेड येई, पण तो सौम्य होऊन येई.

कांचेवांचून त्या घरांचें अडत कां नसे? याचें उत्तर भूगोलांत आहे. रत्नागिरी सुमारें १७ अक्षांशावर वसलेली. मे महिन्यांत माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळें त्याचा ताप मुख्यतः छपरावर पडतो. दुपार कलली म्हणजे तो पश्चिमेच्या भिंतीवर उतरतो. समुद्रही पश्चिमेसच, म्हणून दुपारचा वाराही तिकडूनच येतो. म्हणजे ज्या खिडकीनें वारा घ्यावयाचा, तिनेंच ऊन अडवावयाचें! हा पेंच जुन्या गवंडी-सुतारांनीं खिडकीच्या बाहेर सोडविला. कौलांची उतरण खालीं आणून त्यांनीं पुढें पडवी काढली. ऊन पडवींत थांबे आणि वारा घरांत जाई. येथें वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याची झड लागली कीं पडवीला माडाच्या विणलेल्या झांपांचा आडोसा करीत.

पुढें सिमेंटचें सपाट छप्पर आलें, पुष्कळ घरांतून पडवी गेली, आणि सरकत्या कांचांची खिडकी थेट उन्हांत उभी राहिली. तिच्यामागून थंड देशांतील मापेंही आलीं. खिडक्यांची प्रतवारी करणारी नॅशनल फेनेस्ट्रेशन रेटिंग कौन्सिल ही संस्था अमेरिकेंत १९८९ सालीं स्थापन झाली. अशा प्रतवारींत दोन आंकडे मुख्य असतात. पहिला, आंत-बाहेर एका अंशाचा फरक असतां एक चौरस मीटर खिडकींतून किती वॅट उष्णता वाहते, तें सांगतो. दुसरा, खिडकीवर पडलेल्या सूर्यतापाचा कितवा हिस्सा आंत येतो, तें सांगतो.

एकेरी कांचेचा पहिला आंकडा ६ च्या आसपास, दुहेरीचा ३ च्या आसपास. बर्फाळ देशांत आंत-बाहेर २५ अंशांचें अंतर पडलें, तर दुहेरी कांचेनें दर चौरस मीटरला ७५ वॅट वांचतात. उघड्या-वाऱ्याच्या कोंकणी घरांत तें अंतर तीन-चार अंशांचें. तेथें बचत दहा-बारा वॅटांची. थंड हवेचें यंत्र लावून दहा अंशांचें अंतर पाडलें, तरी ती तीसच. उलट, पश्चिमेच्या उन्हांत त्याच चौरस मीटरवर ५०० वॅट ताप पडला, तर साधी एकेरी कांच त्यांतले ४०० वॅट आंत सोडते. साधी दुहेरीही बराचसा सोडतेच. थंड मुलखांत पहिल्या आंकड्याचें जें महत्त्व, तें येथें दुसऱ्याचें. हें न जाणतां जो केवळ दुहेरीपणासाठीं पैसे मोजतो, त्याची संध्याकाळ तापलेलीच राहते आणि विजेचें बिलही फारसें उतरत नाहीं.

केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या इको निवास संहितेंत उष्ण-दमट प्रदेशासाठीं नियम आहे, कीं बाहेर उघडणाऱ्या खिडक्या-दारांचें उघडें क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या निदान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावें. सहाशें चौरस फुटांच्या घराला हें शंभर चौरस फूट झालें. दोन पाखांची सरकती खिडकी एका वेळीं अर्धीच उघडते, हें हिशेब करतांना विसरूं नये.

पश्चिमेचें ऊन तिरपें येतें. त्याला नुसता छज्जा पुरत नाहीं. झडप, जाळी किंवा वाळ्याचा पडदा बाहेरून हवा. आंतून पडदा ओढला, तर तोंपर्यंत बराचसा ताप कांच ओलांडून घरांत आलेला असतो. नवीन घर बांधणाऱ्यानें कांचेचा भाव विचारण्यापूर्वीं पश्चिमेला पडवीची जागा राखावी.