बोस्टनची पंचेचाळीस दिवसांची पेढी



एखादी पेढी बुडाली म्हणजे आपण सहज विचारतों, कोणाकोणाचे पैसे गेले? आज ज्या पेढीची हकीकत मी सांगणार आहें, तिच्याविषयीं खरा प्रश्न उलट आहे. कोणाकोणाचे पैसे परत मिळाले, आणि ते मूळचे कोणाचे होते? अमेरिकेच्या श्रेष्ठ न्यायालयाला १९२४ सालीं ह्याच प्रश्नाचा निकाल द्यावा लागला.

पेढीचा मालक चार्ल्स पाँझी. इटलींतील लुगो ह्या गांवीं १८८२ सालीं जन्मलेला हा गृहस्थ १९०३ सालीं बोस्टन बंदरांत उतरला. मध्यंतरीं कॅनडांतील मॉन्ट्रियल शहरीं खोट्या सहीच्या चेकपायीं त्यानें तुरुंग भोगला होता. परंतु बोस्टनमध्यें ह्याची वार्ता कोणास नव्हती. १९१९ सालीं स्पेनमधून आलेल्या एका पत्रासोबत त्याच्या हातीं टपालाचें एक जबाबी कूपन पडलें, आणि सारी कथा तेथून सुरू झाली.

हें कूपन म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. परदेशीं पत्र पाठविणारानें उत्तराचें टपालहशील आगाऊ भरून असें कूपन पत्रांत घालावें, आणि उत्तर देणारानें तें आपल्या पोस्टांत देऊन तिकीट घ्यावें, अशी ही साधी सोय जागतिक टपाल संघाच्या १९०६ सालच्या रोम येथील परिषदेनें करून दिली होती. पुढें महायुद्ध झालें. इटलीसारख्या देशांचीं नाणीं डॉलरच्या मानानें घसरलीं. कूपनाचा दर मात्र जुनाच राहिला. त्यामुळें इटलींत अल्प मोलानें घेतलेल्या कूपनावर अमेरिकेंत पांच सेंटांचें तिकीट मिळूं लागलें. येथवर पाँझीचें म्हणणें अक्षरशः खरें होतें, आणि माझ्या मतें त्याच्या फसवणुकीचें अर्धें बळ ह्या खरेपणांतच होतें. अडचण एवढीच कीं, कूपनावर तिकीट मिळे, रोख नव्हे. लक्षावधि तिकिटें विकायचीं कोठें आणि कोणाला?

पाँझीनें ही अडचण सोडविण्याच्या भरींस न पडतां दीडशें डॉलरच्या भांडवलावर 'सिक्युरिटीज एक्स्चेंज कंपनी' ह्या भारदस्त नांवाखालीं स्कूल स्ट्रीटवर कचेरी थाटली. नव्वद दिवसांनीं दीडपट, असें वचन तो लेखी देई. प्रत्यक्षांत पंचेचाळीस दिवसांतच पैसे मोजी. हा दर कसा होतो पाहा. शंभर डॉलर असे आठ वेळां फिरविले, तर वर्षाच्या आंत त्यांचे अडीच हजारांहून अधिक व्हावे! जगांतील कोणता व्यापार हें व्याज देऊं शकेल, हा हिशेब मुलांच्या पाटीवरचा. पण तो करण्यास कोणी बसलें नाहीं.

१९२०च्या जानेवारींत अठरा माणसांनीं मिळून अठराशें डॉलर ठेवले. त्यांचे पैसे वेळेवर दिले गेले, ते नव्यानें आलेल्यांच्या ठेवींतून. आपल्याकडे ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर म्हणतात, तोच हा प्रकार. मात्र ज्याच्या डोक्यावर टोपी येते तो आनंदानें गल्लींतून मिरवतो, हें विसरूं नये. पैसे मिळालेला मनुष्य हीच पाँझीची जाहिरात होती, आणि ती खोटीहि नव्हती. त्याच्या खिशांत नोटा खरोखरच होत्या. पुष्कळांनीं तर नफ्यासह रक्कम पुन्हा तेथेंच ठेवली. म्हणजे ती मोजून देण्याची तसदीहि पेढीला उरली नाहीं. ठेवीदार आणून देणाऱ्या दलालांस शेंकडा दहा मिळत. शहरांतील पोलीस शिपाईहि मोठ्या संख्येनें ठेवीदारांत होते.

आठ महिन्यांत पेढीकडे ९५ लक्ष ८२ हजार डॉलर आले. त्यांबद्दल पाँझीनें लिहून दिलेलें देणें होतें १ कोटि ४३ लक्ष ७४ हजारांचें. धंदा जितका भरभराटे, तितकी तूट वाढे.

२६ जुलै रोजीं 'बोस्टन पोस्ट' ह्या पत्रांत अर्थतज्ज्ञ क्लॅरेन्स बॅरन ह्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला : एवढ्या ठेवींसाठीं १६ कोटि कूपनें लागतील, चलनांत आहेत सुमारें २७ हजार. लोक दारावर धांवले. पाँझीनें काय करावें? रांगेंतील लोकांना कॉफी व खाऊ वाटला आणि मागेल त्याला पैसे दिले. तें पाहून कित्येकांनीं काढूं म्हटलेले पैसे तसेच राहूं दिले. २ ऑगस्टला त्यानेंच नेमलेल्या प्रसिद्धि-अधिकाऱ्यानें, मॅकमास्टर्सनें, पेढी दिवाळखोर असल्याचें त्याच पत्रांत लिहिलें. ११ तारखेस मॉन्ट्रियलचा तुरुंग बाहेर आला. १२ तारखेस पाँझी कैदेंत पडला. नोव्हेंबरांत त्यानें गुन्हा कबूल केला व पांच वर्षांची शिक्षा घेतली.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ऑगस्टच्या त्या पहिल्या आठवड्यांत ज्यांनीं आपलें मुद्दल काढून घेतलें, त्यांच्याविरुद्ध दिवाळखोरीच्या विश्वस्तांनीं फिर्याद लावली. प्रतिवादी म्हणाले, आम्हांला फसविलें. आम्हीं करार मोडून आमचेच पैसे परत घेतले, नफा एक सेंटहि नाहीं. सरन्यायाधीश टॅफ्ट, जे पूर्वीं अमेरिकेचे अध्यक्ष होते, त्यांनीं हें मान्य केलें नाहीं. बँकेंतील त्या शिल्लकेंत तुमचा डॉलर कोणता आणि मागें रांगेंत राहिलेल्याचा कोणता, हें दाखवितां येत नाहीं. फसलेले सारेच आहेत. पेढी बुडाल्याचें कळल्यावर जो आधीं धांवला त्याचा हक्क अधिक होत नाहीं. पैसे परत करावे. निकाल कठोर खरा. पण धांवूं न शकलेल्यांचा विचार केला तर मला तो न्याय्य वाटतो. ठेवीदारांच्या वाट्यास अखेर शंभरांमागें सुमारें सदतीस डॉलर आले. पाँझी पुढें इटलीस हद्दपार झाला आणि १९४९च्या जानेवारींत रिओ द जानेरो येथील धर्मार्थ रुग्णालयांत वारला.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफचें, ह्याहून कितीतरी मोठें, प्रकरण २००८ सालीं फुटलें. तेव्हांहि घातल्याहून अधिक काढलेल्यांकडे विश्वस्तानें पैसे मागितले. त्यांत धर्मादाय संस्थाहि होत्या. त्यांनीं ते केव्हांच गरजवंतांवर खर्चून टाकले होते.