खुराक ते प्रोटीन पावडर : महाराष्ट्रातील बलोपासनेच्या आहाराचा सामाजिक इतिहास
(विशेष संदर्भ : करंजाडे, ता. पनवेल, जि. रायगड)

गोषवारा

शरीर कमावण्यासाठी डबाबंद प्रथिने श्रेष्ठ की नित्याचे अन्न, हा वाद आज प्रामुख्याने आहारशास्त्राच्या अंगाने मांडला जातो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने तपासला आहे. महाराष्ट्रातील तालीम परंपरेत मल्लाच्या खुराकाचा भार संस्थान, गाव आणि वस्ताद यांनी वाटून घेतला होता. हा आधार क्षीण होत गेल्यावर तो भार एकट्या तरुणावर आला आणि अन्नाची जागा विकतच्या वस्तूने घेतली, असे प्रतिपादन येथे केले आहे. या स्थित्यंतराचा अर्थ करंजाडे परिसराच्या संदर्भात शोधला आहे.

बीजसंज्ञा : खुराक, तालीम, राजाश्रय, पूरक प्रथिने, करंजाडे.

१. प्रस्तावना

बलोपासना ही महाराष्ट्राच्या समाजजीवनातील दीर्घ परंपरा आहे. समर्थ रामदासांच्या नावाशी निगडित मारुतीची देवळे, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभट देवधर, १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था आणि वडोदऱ्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली दहा खंडांत प्रसिद्ध झालेला व्यायाम ज्ञानकोश ही या परंपरेची ठळक स्थाने होत. डावपेच, मल्ल आणि मैदाने यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले. परंतु हे शरीर कशावर पोसले गेले आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला.

आज करंजाडे वसाहतीत इमारतींच्या तळमजल्यावरील व्यायामशाळा आणि प्रोटीन पावडरचे मोठे डबे हे नित्याचे दृश्य आहे. हा डबा येथवर कोणत्या वाटेने आला, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. राजाश्रय आणि खुराक

तालमीच्या परिभाषेत ‘खुराक’ हा शब्द साध्या जेवणासाठी वापरला जात नाही. दूध, तूप, बदाम, खसखस व बडीशेप वाटून केलेली थंडाई, अंडी, मटण आणि त्याचा अळणी रस्सा असा त्याचा ऐवज असतो. बदाम दगडी कुंडीत घोटण्यापासून मल्लाला किती पचते यावर लक्ष ठेवण्यापर्यंतची शिस्त वस्तादाच्या नजरेखाली चाले. मेहनत वाढली की खुराक वाढे आणि दुखापत झाली की तो कमी होई.

हा खुराक सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणूनच छत्रपती शाहू महाराजांच्या (कारकीर्द १८९४-१९२२) राजाश्रयाचे महत्त्व आहे. युरोपच्या १९०२ च्या दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधविले आणि ते १९१२ साली खुले झाले. मैदानासोबत मल्लांच्या निवासाची व खुराकाची तजवीज दरबाराने केली. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची कीर्ती या व्यवस्थेवर उभी राहिली.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. या घटनेच्या दोन्ही बाजूंना खाशाबा जाधव यांची कारकीर्द आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांना कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य मिळाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी मात्र वर्गणी गोळा करावी लागली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगितले जाते. तेथे खाशाबांनी स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. येथे प्रश्न प्रवासखर्चाचा होता, हे खरे. तथापि मल्लाचा भार दरबाराकडून लोकांकडे कसा सरकला, हे या दोन प्रसंगांतून स्पष्ट होते. पुढे काही सहकारी साखर कारखान्यांनी मानधन देऊन मल्ल सांभाळले. हा त्याच आश्रयाचा सहकारी अवतार होय.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. आश्रय निवडक मल्लांनाच मिळे आणि स्त्रियांना तालमीचे दार दीर्घकाळ बंद होते. आजच्या आहारशास्त्राच्या दृष्टीने तूप-बदामाच्या खुराकात प्रथिनांपेक्षा स्निग्धांशच अधिक होता. १०० ग्रॅम बदामांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, तर स्निग्धांश त्याच्या दुपटीहून अधिक असतो.

३. भुकटीचे आगमन

प्रथिनांची भुकटी ही अलीकडची वस्तू आहे, हा समज मात्र बरोबर नाही. जर्मन व्यायामपटू युजेन सँडो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा कमावलेल्या शरीराचे प्रदर्शन हा स्वतंत्र व्यवसाय झाला होता. दुधातील केसीनपासून बनविलेले ‘सॅनॅटोजेन’ हे जर्मन शक्तिवर्धक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आले आणि वसाहतकाळात हिंदुस्थानातील वृत्तपत्रांतून त्याच्या जाहिराती होत. मात्र त्याचा ग्राहक थकलेला, नोकरदार मध्यमवर्गीय होता. तालमीतील मल्ल त्याच्या वाट्याला गेल्याचे दिसत नाही.

आजच्या ‘व्हे’ भुकटीचा उगम वेगळा आहे. एक किलो चीज करताना सुमारे नऊ किलो निवळ उरते. पाश्चात्त्य देशांतील दुग्धोद्योगाला या निवळीची विल्हेवाट ही डोकेदुखी होती. ती जनावरांना पाजली जाई किंवा नाल्यात सोडली जाई. १९७० च्या दशकात सूक्ष्म गाळणीचे तंत्र उद्योगात रुळले आणि या टाकाऊ पाण्यातून प्रथिने वेगळी काढणे परवडू लागले. अशा प्रकारे कारखान्यातील उरलेली वस्तू व्यायामशाळेतील मौल्यवान वस्तू झाली. भारताने १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील उरलेले परिमाणात्मक निर्बंध उठविले आणि परदेशी डब्यांचा मार्ग अधिक मोकळा झाला. आरोग्यपूरक पदार्थांसाठीचे स्वतंत्र नियम मात्र २०१६ च्या अखेरीस अधिसूचित झाले व १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. बाजार आधी आणि नियमन नंतर, असा हा क्रम आहे.

४. विज्ञान काय सांगते ?

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ४९ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, वजनाचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये पूरक प्रथिनांमुळे चरबीविरहित वजनात सरासरी सुमारे ०.३ किलोचीच अधिक भर पडली. शरीराच्या दर किलोमागे दररोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपलीकडे अधिक लाभ आढळला नाही. म्हणजे ६० किलो वजनाच्या तरुणाला सुमारे ९६ ग्रॅम प्रथिने पुरतात. अर्धा लिटर दूध, चार अंडी, ५० ग्रॅम वाल, ५० ग्रॅम हरभरे, २५ ग्रॅम सुका बोंबील आणि ३०० ग्रॅम तांदूळ यांतून जवळपास तेवढीच प्रथिने मिळतात.

भुकटीची सोय नाकारता येत नाही. एका मापात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि ती लवकर पचतात. पण डब्यावरील मजकुरावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न उरतो. भारतीय बाजारातील ३६ लोकप्रिय भुकट्यांची तपासणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची आढळली आणि काहींमध्ये छापलेल्या प्रमाणाच्या निम्मीच प्रथिने होती. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत अशा भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला.

५. करंजाडे : शेत, खाडी आणि डबा

असे असताना तरुण डब्याकडे का वळतो ? याचे उत्तर भूमीच्या इतिहासात शोधावे लागते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी निश्चित झाल्या. आगरी, कोळी व कराडी समाजाचे जीवन भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर उभे होते. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पिके. जिताडा, कोलंबी, चिंबोरी, निवटी हे रोजच्या ताटातील पदार्थ होते. १०० ग्रॅम वालात सुमारे २५ ग्रॅम, तर तेवढ्याच सुक्या बोंबलात ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. जत्रेच्या आखाड्यात उतरणाऱ्या येथील मल्लाला कोल्हापूरचा राजाश्रय नव्हता. त्याचा आश्रयदाता खाडी आणि खाचर हाच होता.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. नंतर विमानतळासाठी परिसरातील दहा गावांचे स्थलांतर झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. जमिनीचा मोबदला पैशात व भूखंडात मोजला गेला. खाचरातील वाल आणि खाडीतील मासळी यांची मोजदाद ताटातील प्रथिने म्हणून कोणी केली नाही. पूर्वी श्रमाने मिळणारी वस्तू आता बाजारभावाने घ्यावी लागते आणि त्याच बाजारात डबाही उभा असतो.

६. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, अन्न आणि भुकटी यांतील निवड केवळ आवडीची नाही. खर्चाची जबाबदारी कोणावर आहे, यावर ती अवलंबून असते. दुसरा, खुराकामागे वस्तादाची नजर होती, तर डब्यामागे विक्रेत्याची शिफारस आहे. तिसरा, सामूहिक जबाबदारी आजही डळमळीत आहे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून शाळांना लोकवर्गणीचा मार्ग दाखविला. हेलसिंकीची वर्गणी आणि अंड्याची वर्गणी यांत त्र्याहत्तर वर्षांचे अंतर आहे, पण प्रश्न एकच आहे.

महाविद्यालयांच्या जिमखान्यांनी उपाहारगृहात उकडलेली अंडी, भिजवलेले हरभरे व दूध माफक दरात उपलब्ध करून देणे आणि डब्यावरील मजकूर तपासून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, एवढे तरी सहज शक्य आहे. राजाश्रय परत येणार नाही व यावा असेही नाही. मात्र तरुणांचे शरीर घडविणे ही समाजाची जबाबदारी आहे, हे त्या व्यवस्थेने जाणले होते. ते आपण विसरता कामा नये.