जारचं पाणी : टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं, असं नाही

निडी : लग्नाचा मांडव असो, गणपती असोत की लावणीला आलेली माणसं, आता वीस लिटरचा जार आल्याशिवाय काम हलत नाही. जार उतरवणारा कधीकधी खिशातून पेनासारखा मीटर काढतो आणि पाण्यात बुडवतो. समजा, आकडा आला १८. मग तोच मीटर विहिरीच्या पाण्यात बुडवतो आणि आकडा येतो २६०. ‘बघा, फरक,’ असं म्हणून तो निघून जातो. घरातली माणसं मात्र त्या दिवसापासून वाडवडिलांच्या विहिरीकडे संशयाने बघायला लागतात.

खरं तर तो मीटर शुद्धता मोजतच नाही. पाण्यातून वीज किती वाहते यावरून पाण्यात विरघळलेले क्षार किती असतील, याचा तो अंदाज देतो. त्यालाच टीडीएस म्हणतात. जुलाब, कावीळ, टायफॉइड देणारे जंतू त्याला दिसत नाहीत आणि शेतात मारलेलं कीटकनाशकही दिसत नाही. जंतू असलेलं पाणी १८ दाखवू शकतं आणि चांगलं पाणी २६० दाखवू शकतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० टीडीएस ५०० पर्यंत चालेल असं सांगतं. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट आहे.

आरओतून काय निघून जातं

जार भरणाऱ्या बहुतेक प्लांटमध्ये आरओ असतो. आधी वाळूचा फिल्टर, मग कोळशाचा फिल्टर, आणि शेवटी मोठ्या दाबाने पाणी बारीक पडद्यातून ढकललं जातं. हा पडदा पाण्यातले ९५ टक्क्यांच्या वर क्षार अडवतो. नको असलेलं नायट्रेट, फ्लोराइड अडतं, तसं हवं असलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही अडतं. पडद्याला चांगलं-वाईट कळत नाही.

एक गोष्ट मात्र पडद्यातून सरळ पलीकडे जाते, ती म्हणजे पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू. या वायूमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होतं. आधी पाण्यातला बायकार्बोनेट क्षार त्याला तोलून धरत होता. तो क्षार काढून घेतला आणि वायू तसाच राहिला, की तोल जातो. म्हणून आरओतून नुकत्याच निघालेल्या पाण्याचा पीएच बऱ्याचदा ६ च्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो.

पीएच म्हणजे पाणी आंबट बाजूला आहे की खाऱ्या सोड्याच्या बाजूला, हे सांगणारा आकडा. ७ म्हणजे मध्य. एक आकडा खाली गेला की आम्लपणा दहापट वाढतो. आयएस १०५०० मध्ये पीएच ६.५ ते ८.५ या दरम्यान हवा असं दिलं आहे.

पीएच थोडा कमी म्हणून पिणाऱ्याला लगेच अपाय होत नाही. लिंबू सरबताचा पीएच तर ३ च्या खाली-वर असतो. खरी अडचण वेगळी आहे. कमी क्षाराचं आणि कमी पीएचचं पाणी ‘भुकेलं’ असतं. ज्याला लागेल त्यातून थोडं थोडं ओढून घेतं. नळाच्या जोडाला, लोखंडी टाकीला, तांब्या-पितळेच्या भांड्याला ते चावतं. असं पाणी तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलं तर विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त तांबं त्यात उतरू शकतं. भात-भाजी अशा पाण्यात शिजवली की अन्नातले क्षारही पाण्यात जास्त उतरतात. चवीलाही ते सपक लागतं.

काढलेलं परत कसं घालतात

चांगला प्लांटवाला आरओनंतर पाणी दुरुस्त करतो. त्याचे मुख्य तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मिसळण्याचा. थोडं मूळ पाणी आरओला न पाठवता बाजूने नेऊन शेवटी मिसळायचं. मूळ पाणी ३०० टीडीएसचं आणि आरओचं १५ चं असेल, तर एक भाग मूळ आणि तीन भाग आरओ मिळून साधारण ८६ होतं. खर्च जवळजवळ नाही. पण मूळ पाण्यात नायट्रेट किंवा मचूळपणा असेल तर तोही तितकाच परत येतो. म्हणून मूळ पाणी तपासलेलं असेल तरच हा मार्ग धरावा.

दुसरा मार्ग चुनखडीच्या दाण्यांचा. स्वच्छ, खाण्यायोग्य दर्जाच्या कॅल्साइटच्या दाण्यांनी भरलेल्या टाकीतून पाणी सावकाश सोडतात. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड दाणा विरघळवतो. कॅल्शियम पाण्यात उतरतं आणि पीएच वर येतो. एक मिलिग्रॅम वायू साधारण सव्वादोन मिलिग्रॅम कॅल्साइट खातो. वायू संपला की विरघळणंही थांबत जातं, म्हणून पीएच फार वर जात नाही. मॅग्नेशियमसाठी काही जण मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळतात. ते जपून घालावं लागतं, कारण त्याने पीएच ९ च्या पुढेही उडी मारतो.

तिसरा मार्ग डोसिंग पंपाचा. खाण्यायोग्य दर्जाच्या क्षारांचं द्रावण करून ते पंपाने थेंबथेंब सोडतात. इथे हिशोब पक्का लागतो. एक हजार लिटर पाण्यात दर लिटरला २० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असेल, तर खडे स्वरूपातलं (डायहायड्रेट) कॅल्शियम क्लोराइड साधारण ७३ ग्रॅम लागतं. दर लिटरला १० मिलिग्रॅम मॅग्नेशियमसाठी खडे स्वरूपातलं (हेप्टाहायड्रेट) मॅग्नेशियम सल्फेट साधारण १०१ ग्रॅम लागतं. या दोघांनी टीडीएस शंभरेकने वाढतो, पण पीएच वाढत नाही. त्यासाठी थोडं सोडियम किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट वेगळं घालावं लागतं.

द्रावणाची टाकी अस्वच्छ असेल तर तिथूनच जंतू शिरतात. म्हणून क्षार आधी आणि यूव्ही, ओझोन सर्वांत शेवटी, हा क्रम महत्त्वाचा.

खारेपाटाची गोष्ट वेगळी

निडी हे नागोठणे आणि रोहा यांच्या मधलं स्टेशन. एकीकडे अंबा नदी, दुसरीकडे कुंडलिका. कोकणातल्या नदी-धरणाच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. असं पाणी गाळून, जंतू मारून प्यायलं की पुरतं. त्याला आरओ लावणं म्हणजे मुळात पातळ असलेल्या ताकात आणखी पाणी ओतण्यासारखं आहे. शिवाय घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो, ते वेगळंच.

पेण तालुक्यातल्या खारेपाटात खाडीचं पाणी जमिनीत मुरतं आणि विहिरी खारट होतात. तिथे आरओचा उपयोग खरा आहे. पण तिथे मूळ पाणी मिसळण्याचा मार्ग टाळावा. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असतं. ओझोन दिला की त्याचं ब्रोमेट होऊ शकतं, आणि पीएच जास्त असेल तर ते जास्त होतं. ब्रोमेट शरीराला घातक मानलं जातं.

बाटलीवर काय बघावं

दुकानात सगळ्याच बाटल्यांना लोक ‘मिनरल वॉटर’ म्हणतात. नियमाने दोन प्रकार आहेत. नैसर्गिक मिनरल वॉटर, म्हणजे झऱ्याचं किंवा भूगर्भातलं पाणी मूळच्या क्षारांसकट भरलेलं; त्याचं मानक आयएस १३४२८. दुसरं पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर, म्हणजे शुद्ध करून भरलेलं. त्याचं मानक आयएस १४५४३. गावात मिळतं ते बहुतेक दुसरं. त्यात टीडीएस ५००, कॅल्शियम ७५ आणि मॅग्नेशियम ३० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

२००१ पासून बाटलीबंद पाण्याला आयएसआय चिन्ह सक्तीचं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सक्ती काढली गेली. पुढच्याच महिन्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हे पाणी जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांत टाकलं. म्हणून आता एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, भरल्याची तारीख आणि शाबूत सील या तीन गोष्टी आधी बघाव्यात. बिनसीलचा थंड जार, ज्यावर लेबलही नाही, तो या मानकात बसत नाही. त्यावर मीटर काहीही दाखवो.

‘अल्कलाइन’ पाण्याला भुलू नका

जास्त पीएचचं पाणी रक्त शुद्ध करतं, ॲसिडिटी मुळासकट घालवतं, असं सांगून महाग बाटल्या विकल्या जातात. पाणी पोटात गेलं की तिथल्या तीव्र आम्लात त्याचा पीएच टिकत नाही. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या दरम्यान शरीर स्वतःच सांभाळतं.

पाण्यातल्या कॅल्शियमचंही तेच. लिटरला २० मिलिग्रॅम असलेलं पाणी दिवसाला दोन लिटर प्यायलं तर ४० मिलिग्रॅम मिळतं. शंभर ग्रॅम नाचणीत त्याच्या कितीतरी पट, तीनशेच्या वर असतं. पाणी दुरुस्त करायचं ते चवीसाठी आणि पाणी चावरं राहू नये म्हणून. औषध म्हणून नाही.

घरी काय करावं

- घरच्या आरओच्या पाण्यात अंदाजाने चुना किंवा खाण्याचा सोडा टाकू नका. सोड्यातून सोडियम वाढतं, ते रक्तदाबाच्या माणसाला चांगलं नाही.
- आरओला टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर मूळ पाणी तपासल्याशिवाय फिरवू नका.
- आरओचं किंवा जारचं पाणी स्टील, काच किंवा मातीच्या भांड्यात ठेवा.
- पीएचची कागदी पट्टी ढोबळ अंदाज देते. मीटर असेल तर तो ४ आणि ७ च्या द्रावणाने जुळवून घ्यावा. कमी क्षाराच्या पाण्यात आकडा स्थिरावायला वेळ लागतो.
- विहिरीचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्या. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणी किट वापरायचं प्रशिक्षण दिलं जातं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे विचारणा करा. पूर्ण तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. अहवालात टीडीएसबरोबर नायट्रेट आणि जंतूंची तपासणी आहे का, ते बघा.

अहवाल चांगला आला तर विहिरीचं पाणी गाळून, क्लोरीन घालून किंवा उकळून प्यावं. जारवाल्याने पुन्हा मीटर काढला, तर त्याला पाण्याचा पीएच किती आणि जंतूंचा तपासणी अहवाल कुठल्या तारखेचा, हे दोन प्रश्न विचारावेत.